खाडीत आणि खडपावर गरवायला रीळ: गियर रेशो ५.२ घेऊ की ६.२?

खाडीकाठचा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी.

गेली चार वर्षं सुट्टीत गावी गेलो की कुंडलिकेच्या खाडीत, रेवदंड्याच्या बाजूला, जिवंत कोळंबी लावून गरवतो (गळाने मासे धरतो). रीळ काकांनी दिलेलं, २५०० नंबरचं, अंगावर ५.१:१ असं छापलेलं. कोळंबीला ते पुरत होतं. या दिवाळीत पहिल्यांदाच ल्युअर (खोटे मासे) मारले आणि दोन तासांत मनगटाची वाट लागली. जेट्टीवर शेजारी एक कॉलेजातला मुलगा होता. तो निवांत हँडल फिरवत होता, तरी त्याचा मासा माझ्यापेक्षा जोरात पळत होता. (प्लास्टिकचा मासा म्हणतोय. खरा दोघांनाही लागला नाही.)

आता त्याहून मोठं, ४००० नंबरचं रीळ घ्यायचंय. बजेट आठ-नऊ हजार. जे आवडलंय ते ५.२ आणि ६.२ अशा दोन रेशोंत मिळतं, किंमत सारखीच. दुकानदार म्हणतो, "सिक्स पॉइंट टू घ्या, सगळे तेच नेतात." गावचे एक दादा म्हणतात, "खाऱ्या पाण्यात लो गियरच हवा, ताकद लागते." रॉड ८ फुटी, १० ते ३० ग्रॅमचा. डोळ्यासमोर मासे म्हणजे जिताडा आणि तांबोशी, जमलं तर खडपावरून कोकर.

काय घेऊ?

---

उधाण_भांग | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

६.२. डोळे मिटून.

---

तांबोशीवेडा | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

डोळे मिटून घेतलेल्या रिळाने तांबोशी निघत नाही, ती कपारीत जाऊन बसते. ५.२ घ्या. देवगडच्या खडपांवर नऊ वर्षं गरवतोय. हाय गियरवाल्यांचे हँडल अर्ध्यात अडकलेले चेहरे पुष्कळ पाहिलेत.

---

बिनगियरचो | १० नोव्हेंबर, सकाळी ६:३०

अरे मेल्यांनो, ह्यां ५.२ नि ६.२ काय लावल्यात? माझो आजो हातगरीन गरवायचो. काडी नाय, रीळ नाय. गियर एकास एक. तरी खजुरो टोपात पडायचोच.

---

शाकाहारी_पण_वाचतो | १० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा मस्त जाणार असं दिसतंय. शेंगदाणे घेऊन बसलोय.

एक प्रामाणिक शंका: ५.२:१ म्हणजे नक्की काय?

---

गणित_मास्तर | १० नोव्हेंबर, सकाळी ११:२०

@शाकाहारी, हँडलचा एक पूर्ण फेरा मारला की दोरी गुंडाळणारा भाग ५.२ फेरे फिरतो, इतकंच. आत एक मोठं चाक आणि एक छोटं चाक, त्यांच्या दातांचं ते गुणोत्तर. सायकलचं पेडल एकदा फिरवलं की मागचं चाक किती वेळा फिरतं, तोच प्रकार. चढावर कुठला गियर टाकता आणि उतारावर कुठला, हे आठवा म्हणजे अर्धा धागा कळला.

आता धागाकर्त्यासाठी. नुसत्या रेशोवरून भांडण्यात अर्थ नाही, कारण दोरी चाकाच्या दातांवर गुंडाळत नाही, स्पूलवर (दोरीच्या चकरीवर) गुंडाळते. स्पूल केवढा, ते धरल्याशिवाय आकडा अर्धवट. एका फेऱ्यात किती दोरी आत येते ते असं काढा:

स्पूलवरच्या दोरीचा व्यास × ३.१४ × रेशो

४००० नंबरच्या रिळात व्यास साधारण ४८ मिलिमीटर धरू. ६.२ ने एका फेऱ्यात सुमारे ९४ सेंटीमीटर. ५.२ ने सुमारे ७८. फरक वीतभरही नाही.

बाजारातलं उदाहरण बघा. पेन कंपनीच्या बॅटल रिळांमध्ये ४००० चा रेशो ६.२ आणि एका फेऱ्याला ३७ इंच. ६००० चा रेशो ५.६, पण दोरी येते ४१ इंच. कागदावर 'स्लो' असलेलं रीळ जास्त दोरी ओढतं! खोक्यावर रेशोच्या शेजारी बारीक अक्षरात इंच किंवा सेंटीमीटर लिहिलेले असतात. आधी ते वाचायचं.

---

खाडीकाठचा | १० नोव्हेंबर, दुपारी १:०२

मास्तर, हे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे माझ्या २५०० ला छोट्या स्पूलचाही फटका होता तर.

---

गणित_मास्तर | १० नोव्हेंबर, दुपारी १:३०

होय. शिवाय जुनं रीळ, म्हणजे दोरी अर्धी संपलेली असणार. स्पूल रिकामा होत जातो तसा व्यास कमी होतो. ४८ चा ४२ झाला की त्याच ६.२ च्या रिळात ९४ ऐवजी ८२ सेंटीमीटर येतात. स्पूल काठाच्या दीड-दोन मिलिमीटर खालपर्यंत भरून घ्यायचा. त्याने फेकही लांब जाते.

---

मत्स्यप्रेमी_पुणेकर | १० नोव्हेंबर, दुपारी ४:४५

दुकानात दोरी भरून घेताना स्वतः उभं राहा. मला एकदा तीनशे मीटरच्या ब्रेडचे पैसे लावून दोनशेच भरली होती. घरी येऊन मोजली तेव्हा कळलं. (दुकानाचं नाव विचारू नका, आता तिथे जात नाही.)

---

शाकाहारी_पण_वाचतो | १० नोव्हेंबर, दुपारी ५:००

तीनशे मीटर ब्रेड?? आमच्या इराण्याकडेसुद्धा एवढा नसतो.

---

मत्स्यप्रेमी_पुणेकर | १० नोव्हेंबर, दुपारी ५:१०

विणलेली दोरी हो! वेणीसारखी. खायची नाही. मस्का लावू नका.

---

तांबोशीवेडा | १० नोव्हेंबर, रात्री ९:५०

मास्तरांचं गणित मान्य, पण मासा वहीत लागत नाही. दोरी भराभर आत येते याची किंमत हाताला मोजावी लागते. मास्तर, आता तेही गणित करून दाखवा.

---

गणित_मास्तर | १० नोव्हेंबर, रात्री १०:३५

रास्त मागणी. ३० पौंडाची ब्रेड धरू, ड्रॅग (किती जोर लागला की दोरी सुटेल ते ठरवणारा ब्रेक) तिच्या पाव भागाच्या जरा खाली, ३ किलोवर. दोरीवर ३ किलोचा ताण असताना हँडलच्या मुठीवर लागणारा जोर:

ताण × स्पूलची त्रिज्या × रेशो ÷ हँडलची लांबी

त्रिज्या २४ मिलिमीटर, हँडल ५५ मिलिमीटर. ६.२ ला ८.१ किलो, ५.२ ला ६.८ किलो. आतलं घर्षण वेगळं. म्हणजे तांबोशीवेडा म्हणतात ते खरंच आहे, हाय गियर जड जातो.

पण त्याच ६.२ ला ५५ ऐवजी ६५ मिलिमीटरचं हँडल लावा. ६.९ किलो. फरक जवळजवळ मिटला! विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब का असतो, त्याच कारणाने.

---

चोणक_चाखणारा | १० नोव्हेंबर, रात्री ११:१५

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे जिताड्याला चोणक म्हणतात, वर कोणीतरी खजुरो म्हटलंय तोही हाच.

मोठा मासा हँडलने ओढायचा नसतोच. रॉड वर उचलून मासा आणायचा, रॉड खाली नेताना सैल झालेली दोरी भरायची. सगळा जोर कमरेचा आणि रॉडचा, हँडल फिरवताना ताण नसल्यात जमा. असं केलं तर ६.२ काय नि ५.२ काय, मनगटाला कळणारही नाही.

मी मात्र वापरतो ५.२. कारण वेगळं आहे. मांडवीत, चापोऱ्यात पुलांच्या खांबांजवळ सॉफ्ट प्लास्टिक (मऊ ल्युअर) तळाशी हळूहळू आणायचं असतं. रीळ फास्ट असलं की हात नकळत फास्ट जातो. थंडीत चोणक सुस्तावतो, तोंडासमोरून रेंगाळत गेलेलं ल्युअरच घेतो.

---

उधाण_भांग | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

डोळे मिटून म्हटलं ते घाईत होतो म्हणून. आता सविस्तर.

गोवेकर, तुमच्या नदीत भरती-ओहोटीचा फरक जास्तीत जास्त दोन-सव्वादोन मीटर. आमच्या रायगडच्या खाड्यांत उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढतं नि उतरतं. तेवढं पाणी सहा तासांत त्याच चिंचोळ्या तोंडातून जाणार. ओढ किती असेल विचार करा.

जिताडा प्रवाहाकडे तोंड करून खांबाच्या नाहीतर दगडाच्या आडोशाला थांबतो. म्हणजे ल्युअर त्याच्या तोंडावर प्रवाहाबरोबर वाहत यायला हवं. फेक प्रवाहाच्या वरच्या अंगाला. आता पाणीच ल्युअर तुमच्याकडे ढकलतंय. ओढ सेकंदाला एक मीटर धरा, उधाणाला ती सहज असते. तुम्ही सेकंदाला दीड फेरा मारताय. मास्तरांच्या हिशोबाने ५.२ वर सेकंदाला सुमारे १.१७ मीटर दोरी येते. त्यातला एक मीटर पाण्यानेच दिला. ल्युअर पाण्याच्या तुलनेत चालतंय किती? सेकंदाला १७ सेंटीमीटर! त्याची जीभ (तोंडापुढची पट्टी) पाणी कापतच नाही, मेल्यासारखं वाहत येतं. ६.२ वर तेच ४१ सेंटीमीटर. आता ते डुलायला लागतं.

धागाकर्त्याच्या मनगटाची वाट लागली ती याने. हँडल फिरवत होता ते नुसती सैल दोरी गोळा करायला.

---

खाडीकाठचा | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

बाप रे. भाऊबीजेच्या आगेमागे, ऐन ओहोटीत, वरच्या अंगालाच फेकत होतो! अमावास्येचं उधाण. अगदी हेच झालं असणार.

---

चोणक_चाखणारा | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

@उधाण_भांग, हे पटलं. आमच्याकडे एवढी ओढ क्वचितच. म्हणजे आपण दोघं आपापल्या पाण्याबद्दल बरोबर बोलत होतो.

---

तांबोशीवेडा | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

दोघांचं जमलं, माझं अजून नाही. तांबोशी चावली की पहिल्या दोन सेकंदांत कपारीकडे वळते. त्या दोन सेकंदांत काय करता ते सांगा.

---

उधाण_भांग | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

हँडल दणादण फिरवतो. अर्धा फेरा लवकर म्हणजे अर्धा मीटर लवकर.

---

तांबोशीवेडा | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

आणि हँडल फिरतच नाही, कारण मासा ओढतोय! मी त्या दोन सेकंदांत फिरवतच नाही. ड्रॅग आवळलेला, रॉड आडवा धरून दोन पावलं मागे. मासा कपारीपासून सुटला की मगच फिरवायचं, आणि तेव्हा मला ताकद हवी असते. खडपावर मागे सरायला जागा बघून उभं राहा, नाहीतर मासा राहील आणि तुम्ही समुद्रात. शेवाळावर चप्पल घालून जाऊ नका हेही सांगून ठेवतो.

---

टॅम्पाची_आत्या | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आमच्याकडे सकाळ आहे. फ्लोरिडातून लिहिते, नवऱ्याने लावलेलं वेड आता मलाच जास्त आहे. इथे खाडीच्या उथळ पाण्यात, गुडघाभर, गवतावर रेडफिश आणि स्नूक. स्नूक दिसायला थेट तुमच्या जिताड्याचा चुलतभाऊ: तसंच खोलगट कपाळ, तसाच खालचा जबडा पुढे, आणि लागला की तसाच खारफुटीच्या मुळांत पळणारा.

इथे बहुतेकजण ३००० किंवा ४००० ला ६ च्या आसपास वापरतात. कारण वेगासाठी कमी, सैल दोरीसाठी जास्त. पाण्यावर झटके देत चालवायचं ल्युअर असतं ना, त्यात प्रत्येक झटक्यानंतर दोरी सैल पडते. तेवढ्यात मासा चावला आणि दोरी सैल असली तर गळ रुततच नाही. हाय गियरने पाव फेऱ्यात ती भरून निघते. दुसरं म्हणजे मासा तुमच्याच दिशेने धावत आला तर. स्नूकची ही आवडती खोडी.

आणखी एक. इथे गल्फच्या बाजूला स्नूक २८ ते ३३ इंचांमधलाच ठेवता येतो. मोठा परत सोडायचा, कारण मोठ्या स्नूक म्हणजे बहुतेक माद्या. जिताडाही आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. आपल्याकडे दहा किलोचा जिताडा धरला की फोटो आणि वाटे. मला माहेरी हे सांगितलं की सगळे हसतात.

---

बिनगियरचो | ११ नोव्हेंबर, रात्री ९:०५

आत्या, आधी घो नि मग बायल? आमच्या वाडीत ह्यां सांगलंय तर माका वाळीत टाकतले.

---

अलिबागचा_पांढरा_कांदा | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

अवांतर: जिताडा गरवायचा कशाला? आमच्याकडे पेण-अलिबागच्या खारेपाटात शेततळ्यात वाढवतात. पूर्वी सरकारी काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा पोचायचा, फाईल आपोआप पुढे सरकायची. तो कुठला गियर म्हणायचा?

---

शाकाहारी_पण_वाचतो | ११ नोव्हेंबर, रात्री ९:५५

हाय गियर. सैल दोरी लगेच भरून निघते.

---

अलिबागचा_पांढरा_कांदा | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१०

😂 आणि करायचा कसा तेही ऐका. तुकड्या जाड हव्यात, आलं-लसूण-हिरवी मिरची वाटून, चिंचेचा कोळ...

---

संपादक | ११ नोव्हेंबर, रात्री १०:३०

पाककृती कृपया पाककृती विभागात. (आणि तिथे फोटोसकट.)

---

रीळ_डॉक्टर | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

माझं काम रिळं उघडून दुरुस्त करायचं. दोन-चार गोष्टी.

शिमानो कंपनीच्या रिळाच्या नावामागे पीजी असेल तर लो गियर, एचजी हाय, एक्सजी त्याहून हाय. डाइवात अनुक्रमे पी, एच, एक्सएच. धागाकर्त्याने खोकं तपासताना हे बघावं. मॉडेल तेच, किंमत तीच, आणि घरी आल्यावर कळतं की भलताच गियर आणला. माझ्याकडे असे बदलून मागायला येतात. गियर बदलता येतो, पण सुटे भाग आणि मजुरी धरून परवडत नाही.

हाय गियरला वंगण आणि सफाईची चूक लवकर जाणवते. थोडं मीठ आत गेलं की ५.२ वाला कुरकुरत चालत राहतो, ६.२ वाल्याचं हँडल लगेच जड लागतं. घरी आलात की ड्रॅग आवळा, मग गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. नळीचा जोरदार फवारा मारू नका, मीठ बाहेर पडायच्या ऐवजी आत जातं. पुसा, सावलीत वाळवा, वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. बादलीत बुडवून ठेवणाऱ्यांमुळे माझं घर चालतं, त्यांचे आभार.

दुमडणाऱ्या हँडलपेक्षा स्क्रूने आत बसणारं हँडल घ्या. खेळ कमी असतो.

रेशोचं म्हणाल तर आठ-नऊ हजारांच्या रिळात ५.२ की ६.२ हा दुय्यम प्रश्न. बॉडी वाकत नाही ना, हे पाहा. बॉडी लेचीपेची असली की ताण आल्यावर चाकांचे दात नीट जुळत नाहीत, मग लो गियरची ताकदही हवेत जाते. दुकानात एका हाताने रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) घट्ट धरा, दुसऱ्याने हँडल हळूच दाबा. बॉडी पिळवटल्यासारखी वाटली तर परत ठेवा.

---

तांबोशीवेडा | १२ नोव्हेंबर, दुपारी १:००

डॉक्टरांना +१. बॉडीचं मी आधीच म्हणायला हवं होतं. भांडणाच्या भरात राहिलं.

---

उधाण_भांग | १२ नोव्हेंबर, दुपारी १:२०

पहिल्यांदाच आपलं एकमत. तारीख लिहून ठेवतो.

---

कोळंबीबहाद्दर | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

उशिरा आलो. वाचून एवढंच वाटलं की जिवंत कोळंबी लावून बसणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. गरी टाकली, बिडी पेटवली, मासा आला तर आला. रेशो कुठलाही चालतो.

---

टॅम्पाची_आत्या | १४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

खरंय. ते बिडीचं सोडून.

---

खाडीकाठचा | २१ जानेवारी, रात्री ९:२५

धागा वर काढतोय, कारण हिशोब द्यायचा राहिला.

६.२ घेतलं. उधाण_भांग यांचं प्रवाहाचं गणित घरी वहीत करून पाहिलं आणि माझ्या खाडीला तेच लागू पडतं असं वाटलं. दुकानात डॉक्टरांनी सांगितलेली रोटर धरायची परीक्षा घेतली, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे असं काही पाहिलं की विचारू नका. ज्या रिळावर मन बसलं होतं ते त्या परीक्षेत नापास झालं. दुसरं घेतलं, बाराशे रुपये जास्त गेले. हँडल ६५ मिलिमीटरचं.

पौषी पुनवेच्या आगेमागे तीन दिवस गेलो. ओहोटीला वरच्या अंगाला फेकून ल्युअर खरोखर डुलत आलं, रॉडच्या टोकाला थरथर जाणवते. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मळभ होतं, वारा पडलेला. गोवेकरांचं आठवून सॉफ्ट प्लास्टिक लावलं आणि मुद्दाम अर्ध्या वेगाने फिरवलं, मनातल्या मनात एक-दोन मोजत. जेट्टीच्या तिसऱ्या खांबाजवळ जिताडा लागला. सव्वा किलोच्या आसपास असेल, उडी मारली तेव्हा हातपाय कापत होते. आत्याबाई, हा नरच असणार, त्यामुळे घरी आणला.

मग शेवटच्या अर्ध्या तासात तांबोशी. मला ती दोन पावलं मागे सरायची आठवण राहिली, पण मागे जेट्टीचा कठडा होता. थांबलो तिथेच, हँडल फिरवायला गेलो, फिरलं नाही. तांबोशीवेडा यांनी सांगितलेला तो चेहरा मी स्वतः केला. लीडर (ब्रेडच्या पुढे जोडलेला दोरीचा तुकडा) गाठीत तुटला.

---

तांबोशीवेडा | २१ जानेवारी, रात्री ९:४०

😄 अभिनंदन आणि सांत्वन. गाठीत तुटला म्हणजे गियरला दोष नाही. कुठली गाठ मारली होती?

---

खाडीकाठचा | २१ जानेवारी, रात्री ९:४८

तीच विचारायला आलोय. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी मारू की डबल युनी?

---

उधाण_भांग | २१ जानेवारी, रात्री ९:५०

एफजी. डोळे मिटून.

---

तांबोशीवेडा | २१ जानेवारी, रात्री ९:५१

डबल युनी.

---

संपादक | २१ जानेवारी, रात्री ९:५५

नवा धागा काढा.